मला तर वास येत नाही

संध्याकाळी मिस्त्री गॅरेजमधून घरी आले, की त्यांची बायको दारातच एक पाऊल मागे सरकायची आणि म्हणायची, "अहो, डिझेलचा वास येतोय. आधी तो शर्ट काढा." मिस्त्री शर्टाची बाही नाकाशी न्यायचे, हुंगल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "कसला वास? मला तर येत नाही." लग्न झालं त्या आठवड्यापासून हे चालू होतं. दोघांपैकी एकानंही आपलं वाक्य कधी बदललं नाही आणि त्यामुळे संसाराचं काही बिघडलंही नाही.

एरवी मिस्त्रींचं नाक भलतंच तिखट. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत शिरत असतानाच ते म्हणायचे, "क्लच जळतोय हिचा," आणि क्लचच निघायचा. गाड्यांचे मालक लांबून वाट वाकडी करून यायचे ते या नाकासाठी. फक्त स्वतःच्या अंगाचा वास तेवढा मिस्त्रींना कळायचा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो सगळ्यांच्याच घरी असतो.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रींना ताप आला. आला तसा उतरला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. डिझेलचा वास गेला, साबणाचा गेला, तव्यावरच्या कांद्याचा गेला. आज येईल, उद्या येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. हिवाळा सरला, उन्हाळा सरला, नाक काही परतलं नाही. मिस्त्रींनी हे कुणालाही सांगितलं नाही. वास न येणारा डिझेल मिस्त्री म्हणजे बहिरा गवई, असं त्यांना वाटत होतं. लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पुढच्या वेळी गाडी दुसरीकडे नेतील. घरात कुणाला शंका आलीच नाही, कारण "मला तर येत नाही" हे वाक्य तिथे आधीपासूनच मुरलेलं होतं.

बायकोला तर उलटंच वाटत होतं. आयुष्यभर या माणसानं ताटावर बसून नावं ठेवली होती. लसूण करपलाय, तेल जुनं आहे, दूध उतरायला लागलंय. आता तो माणूस समोर येईल ते मुकाट्यानं खायचा आणि वर "छान झालंय" म्हणायचा. गप्प राहिलो तर हिला संशय येईल, या भीतीनं तो बिचारा रोज न चुकता स्तुती करत होता. बायकोनं आपल्या बहिणीला फोन करून सांगितलं, "उशिरा का होईना, पण सुधारला गं माणूस."

असं सगळं झाकपाक चाललं होतं, आणि मग लेकीनं गाडी घेतली.

लेकीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव, ती फिजिओथेरपिस्ट झाली तरी सुटलं नाही. बरीच वर्षं हॉस्पिटलात नोकरी केल्यावर तिनं ठरवलं होतं, की ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जायचं, त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, कुणाची छाती भरलेली. अशी घरं लांब लांब असतात, तेव्हा गाडी हवी. नवी झेपणारी नव्हती. वापरलेली एक डिझेल गाडी तिनं हेरली आणि बाबांना पुढे घातलं.

मिस्त्रींनी त्या गाडीवर सबंध सकाळ घालवली. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावून ऐकलं. धुराचा रंग पाहिला. पाठीवर झोपून खाली शिरले आणि गंज कुठे आहे ते नखानं खरवडून बघितलं. मग लेकीच्या शेजारी बसून एक लांब चक्कर मारली आणि म्हणाले, "हिचं काळीज चांगलं आहे. डोळे मिटून घे." भिंगरीनं घेतली. बाबांनी हो म्हटल्यावर तिला आणखी कुणाला विचारायचं नव्हतं.

गाडी घरी आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहिली. त्याच दिवसापासून घरात डिझेलचा वास वाढला. साहजिकच सगळे मिस्त्रींवर घसरले. बायकोनं त्यांचे कपडे उकळत्या पाण्यात बुचकळले, बूट जिन्यात हद्दपार केले, घरात शिरल्या शिरल्या आंघोळीला पिटाळलं. मिस्त्री डोक्यावरून पाणी घेत आतून म्हणायचे, "मला तर येत नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

मग भिंगरी एकटी कामाला निघाली आणि वास तिच्यासोबत गेला. तिच्या रुग्णांमध्ये एक आजी होत्या, फुप्फुसं नाजूक झालेल्या. भिंगरी त्यांच्या पाठीवर थोपटून कफ सुटा करायची. दुसऱ्याच दिवशी आजी म्हणाल्या, "पोरी, राग मानू नकोस, पण तू आलीस की पंपावर उभं राहिल्यासारखं होतं. दम लागतो गं." तिसऱ्या दिवशी आजींच्या सुनेचा फोन आला, की थोडे दिवस नका येऊ. आणखी एका घरानंही असंच गोड बोलून दार लावलं.

भिंगरी हसतमुख पोर, पण त्या संध्याकाळी तिचं तोंड उतरलं होतं. ज्याच्याकडून गाडी घेतली होती, तो महिनाअखेरपर्यंत ती परत घ्यायला तयार होता. हॉस्पिटलातली तिची जागाही तोवर रिकामी होती. म्हणजे परतीचा रस्ता उघडा होता, आणि तो तसा होता याचंच तिला वाईट वाटत होतं.

"बाबा, वास तुमचा नाही, गाडीचाच आहे," ती म्हणाली. "एकदा बसून बघा ना. तुमच्या नाकाला कितीसा वेळ लागणार?"

मिस्त्री गाडीत बसले. काचा वर केल्या, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. आत गेली ती नुसती हवा. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. भिंगरी काचेबाहेर उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशीच.

"कच्चा आहे की जळका?" तिनं विचारलं.

हे तिला त्यांनीच शिकवलेलं. कच्च्या डिझेलचा वास असेल तर जळण्याआधी कुठेतरी गळतंय, जळका असेल तर धूर आत येतोय. अर्ध्या कामाचा निकाल इथेच लागतो. मिस्त्रींनी मनातल्या मनात नाणं उडवलं आणि म्हणाले, "जळका."

"मला कच्चा वाटला होता," भिंगरी म्हणाली. "पण तुम्ही म्हणताय म्हणजे जळकाच असणार."

शिव्या दिल्या असत्या तरी मिस्त्रींना इतकं लागलं नसतं.

त्यांनी सायलेन्सर उतरवला, जोड नवे बसवले. वास गेला नाही. मग गुपचूप त्यांनी कच्च्याचा माग काढायला घेतला. इंजिन धुऊन कोरडं केलं, डिझेलच्या सगळ्या नळ्यांवर खडूची पूड फासली. कुठे थेंबभर जरी पाझर असता, तर पुडीवर काळा डाग उमटला असता. पूड पांढरी ती पांढरीच राहिली. तरी त्यांनी नळ्या बदलल्या. काम करताना आगीची जोखीम नको म्हणून टाकी आधी रिकामी करायची ही त्यांची जुनी शिस्त. काम झालं, की तळाशी थोडं डिझेल घालून भिंगरी एक फेरी मारून यायची आणि म्हणायची, "कमी झालाय हं बाबा." दुसऱ्या दिवशी पंपावर टाकी भरून कामाला जायची आणि संध्याकाळी काही न बोलता जेवायला बसायची. मिस्त्री डोळ्यांनी शोधत होते, कानांनी शोधत होते, बोटांनी शोधत होते. जे शोधायचं ते नाकाचं होतं.

"उद्या गाडी परत देऊन येते," एका रविवारी सकाळी भिंगरी म्हणाली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. जुन्या गाडीचं असंच असतं." आणि ती मैत्रिणीकडे निघून गेली.

त्या दुपारी बायकोनं बटाटे उकडायला ठेवले, "जरा लक्ष असू द्या" म्हणाली आणि वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. मिस्त्री शेगडीकडे पाठ करून टेबलाशी बसले होते. हातात काढलेली जुनी नळी होती आणि ती उलटसुलट करून ते बघत होते. पातेल्यातलं पाणी आटलं, बटाटे तळाला लागले, मग जळले. बायकोला जिन्यातच वास लागला. कपड्यांचा गठ्ठा टाकून ती धावत आली, शेगडी बंद केली. पातेलं कोळसा झालं होतं आणि नवरा त्याच्यापासून हातभर अंतरावर नळी बघत बसला होता.

"अहो, तुम्हाला वास आला नाही?"

"कसला वास? मला तर..." मिस्त्री म्हणाले आणि मागे वळून त्यांनी पातेलं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

तिनं पातेलं उचलून त्यांच्या नाकाखाली धरलं. धुरानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नाकाला पत्ता नव्हता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"ताप आला होता ना, तेव्हापासून."

ती समोरच्या खुर्चीत बसली. गेल्या कित्येक महिन्यांतली एकेक जेवणं तिच्या डोळ्यांसमोरून जाताना दिसत होती.

"म्हणजे ते छान झालंय, छान झालंय म्हणायचात, ते काय होतं? मी बहिणीला फोन करून सांगितलं हो."

"छानच असणार. तुझ्या हातचं कधी वाईट झालंय?"

"रोज व्हायचं. तुम्हाला ताप येईपर्यंत रोज व्हायचं."

मग मिस्त्रींनी सगळंच सांगून टाकलं. कशी भीती वाटली, कसं आज सांगू उद्या सांगू करत राहिले, पोरीनं विचारलं तेव्हा कसं अंदाजपंचे 'जळका' म्हणून मोकळे झाले आणि ती बिचारी स्वतःचं नाक खोटं ठरवून कशी गप्प बसली. बायकोला राग आला होता, पण तो नाकाचा नव्हता. एवढी मोठी वस्तू घरातून गेली आणि या माणसानं एकट्यानं तिचं सुतक पाळलं, याचा राग होता.

"उठा," ती म्हणाली. "किल्ली घ्या."

गाडीचा दरवाजा उघडून तिनं आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "कच्चा आहे. आणि इंजिनाचा नाही, टाकीचा."

"हे कसं कळलं तुला?"

"तुमचे शर्ट कोण धुतं? इंजिन खोललं असेल त्या दिवशी डिझेलसोबत ऑइल असतं, जड, कळकट. सायलेन्सरचं काम असलं की काजळी. टाकी उतरवली असेल तर नुसतं डिझेल, कोरं. दिवसभर काय केलंत ते तुम्ही दारात यायच्या आधी मला कळलेलं असतं."

"हे कधी बोलली नाहीस," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही म्हणायचात वास येतच नाही. न येणाऱ्या वासाचे प्रकार कुणाला सांगू?"

टाकी आदल्याच कामात रिकामी केलेली होती, पंपापर्यंत पोचण्यापुरतं डिझेल तेवढं तळाशी होतं. पंपावर जाऊन त्यांनी ती गळ्यापर्यंत भरली. बायको मागे बसली. पुढच्या सीटवर बसलं की तिचा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा, म्हणून ती नेहमी मागेच बसे. सरळ रस्त्यावर ती काही बोलली नाही. पहिलं वळण उजवीकडे होतं, तिथेही नाही. पुलाखालून गाडी डावीकडे वळली आणि ती म्हणाली, "आता." थोड्या वेळानं पुन्हा डावं वळण. "आता परत. अहो, हा समोरून नाही येत. इथून, माझ्या बुडाखालून येतोय."

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली. मागची सीट उचलली, गालिचा दुमडला. खाली टाकीच्या तोंडावरचं गोल झाकण होतं. टाकीत डिझेल किती आहे ते काट्याला सांगणारी दांडी त्यातून आत सोडलेली असते. त्याच्याभोवती त्यांनी खडूची पूड भुरभुरली आणि तेच डावं वळण पुन्हा घेतलं. उतरून बघतात तर पांढऱ्या पुडीवर झाकणाच्या एका बाजूला काळी कोर उमटली होती. कुणीतरी कधीतरी ते झाकण खोललं होतं आणि रबराची जुनी रिंगच परत दाबून बसवली होती. डिझेलमध्ये राहून रबर फुगतं, मग ते खाचेत नीट बसत नाही. एका जागी रिंग दुमडून वर आली होती. टाकी भरलेली असली आणि गाडी वळली, की डिझेल तिथवर चढायचं आणि चमचाभर बाहेर यायचं. टाकी रिकामी असली की काहीच नाही. आणि मिस्त्री शिस्तीनं दरवेळी टाकी रिकामी करत होते.

रस्त्याच्या कडेला, उघड्या दरवाज्याशी उकिडवे बसून ते त्या काळ्या कोरीकडे बघत राहिले. पूर्वी त्यांना हे फाटकातच कळलं असतं. पण पूर्वी आणि आता यात फरक पडला होता आणि तो मान्य केल्यावर काम एका फेरीत झालं होतं, हेही खरं होतं. त्यांना बऱ्याच महिन्यांनी हलकं वाटलं.

"एका रिंगेचं काम," ते म्हणाले. "सकाळी दुकान उघडलं की बसवतो. गालिचा मात्र धुवावा लागेल."

"तो मी धुते," बायको म्हणाली. "डिझेल कसं काढायचं ते मला कळतं."

संध्याकाळी भिंगरी घरी आली. मिस्त्री म्हणाले, "गाडी परत द्यायची नाही. सापडलं." आणि रिंगेचं सगळं सांगितलं. मग थांबले. बायकोला पुढचं वाक्य माहीत होतं, पण ती आत निघून गेली. ते त्यांचं त्यांनीच बोलायचं होतं.

"आणि सापडलं ते मला नाही," मिस्त्री म्हणाले. "आईला. मला वास येत नाही. खरंच येत नाही. त्या दिवशी जळका म्हणालो ते खोटं होतं. तुझं बरोबर होतं."

भिंगरी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, गाडी घ्यायच्या आधी आपण चक्कर मारली ना, तेव्हाच मला डिझेलचा वास आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"शेजारी तुम्ही बसला होतात."

मिस्त्री आधी हसले, मग इतके हसले की आतून बायको बघायला आली. भिंगरीही हसत होती. "मला वाटलं, बाबा सोबत आहेत म्हणजे हा वास असायचाच," ती म्हणाली. "उलट बरं वाटलं होतं मला." आणि मग ती बाबांच्या खांद्याला टेकून बसली, शर्ट बदललेला नसतानाही.

रिंग बसली, गालिचा धुतला, वास गेला. आजींच्या सुनेनं पुन्हा बोलावलं. पहिल्या दिवशी आजींनी भिंगरीचा हात नाकाशी नेऊन खात्री करून घेतली आणि मगच पाठ पुढे केली. महिनाअखेर आली आणि गेली. हॉस्पिटलातली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, त्याचं भिंगरीला काही वाटलं नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी आता लपवाछपवी सोडून दिली होती. गिऱ्हाइकाला ते सरळ सांगायचे, "माझं नाक रजेवर आहे. वासाची तक्रार असेल तर दुपारी या, बाई येतात तेव्हा." एकदोघांनी तोंडं वाकडी केली आणि दुसरीकडे गेले. बाकीचे दुपारी आले. जिनं उभ्या जन्मात गॅरेजचा उंबरा ओलांडला नव्हता, ती आता रुमाल घेऊन यायची, गाडीत डोकं घालायची, निदान करायची आणि चहा प्यायला खुर्चीवर बसायची. काही दिवसांनी लोक नुसतं "बाई आहेत का?" असंच विचारायला लागले. मिस्त्रींना ते थोडं खुपायचं. पण थोडंच.

भिंगरीनं हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलं. नाकालाही व्यायाम लागतो, म्हणाले, रोज ओळखीचे वास द्या, आठवायला लावा, घाई करू नका. मग बायको रोज जेवायच्या आधी मिस्त्रींना डोळे मिटायला लावायची आणि एकेक वस्तू नाकाशी धरायची. "हा लसूण. आठवा. हा साबण. ही संत्र्याची साल." मिस्त्री आठवायचे. येत काहीच नसे. पण आता ते "छान झालंय" म्हणायचे नाहीत. "गरम आहे एवढं कळतंय," असं खरं सांगायचे, आणि बायको ताट वाढता वाढता कशाला कसा वास येतोय ते बोलत राहायची. कधी लसूण करपला तर तेही तीच सांगायची. मिस्त्रींना ते ऐकायला आवडायला लागलं होतं.

असेच दिवस गेले. एका सकाळी मिस्त्रींनी दोरीवरचा धुतलेला शर्ट घातला, बटणं लावली, बाही दुमडता दुमडता थांबले. बाही चेहऱ्याजवळ नेली, कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं," ते तिथूनच ओरडले, "हा शर्ट नीट धुतला नाहीस. याला डिझेलचा वास येतोय."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बायको ओल्या हातांनीच बाहेर आली.

"काय म्हणालात? परत म्हणा."

"डिझेलचा वास येतोय म्हटलं," मिस्त्री वैतागून म्हणाले. आपण काय बोलतोय ते त्यांच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. "इतकी वर्षं मी असेच शर्ट घालून हिंडत होतो की काय?"

"हो," ती म्हणाली, आणि त्याच शर्टाच्या बाहीला तिनं डोळे पुसले.